मिक्सरचं परमिट

आमच्या साताऱ्याच्या घराच्या भिंती दोन फूट जाडीच्या आहेत. पणजोबांनी त्या बांधल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दरोडेखोर होते की उन्हाळा, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. पण दोघांपैकी कुणीही आजवर त्या भिंतींतून आत आलेलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये मी लॅपटॉप आणि दोन जोड कपडे घेऊन पुण्याहून इथे आलो, तेव्हा कळलं की वायफायही येत नाही.

फायबरवाल्याने डबा ओसरीवर बसवला, कारण त्याच्याकडची वायर तिथवरच पुरली. मी बसणार माडीवरच्या मागच्या खोलीत. मध्ये माजघर, देवघर, जिना आणि दगडमातीचा तो तट. ओसरीवर पूर्ण रेंज, माजघरात निम्मी, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर शेवटचा आचका. पहिले पंधरा दिवस मी त्या तिसऱ्या पायरीवर बसून नोकरी केली. माझ्या मीटिंगमधल्या लोकांना माझ्यामागे दर दहा मिनिटांनी एक पाय दिसायचा. कधी आईचा, कधी अण्णांचा, एकदा गव्हाच्या पोत्यासकट गड्याचा. "जरा सरक रे" हे वाक्य आमच्या चेन्नईच्या टीमला पाठ झालं होतं.

भिंतीला भोक पाडून केबल न्यावी, असं मी एकदा सुचवून पाहिलं. अण्णा म्हणाले, "भोक निघणार कुठे, ते बघितलंस का?" बघितलं. ते बरोबर देवघरात, गणपतीच्या मागे निघत होतं. मग केबल बाहेरून, कौलांवरून नेली. ती चार दिवस चालली. पाचव्या दिवशी अजिंक्यताऱ्याकडून माकडं उतरली आणि त्यांनी त्या केबलीचं जे केलं, ते पाहून मी पुन्हा तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो.

दादा इंग्लंडात रेडिंगला असतो. तो फोनवर म्हणाला, "अरे, माडीवर दिवा लागतो ना? मग ज्या वायरीतून वीज जाते तिच्यातून नेटही जाईल. आमच्याकडे सगळं घर त्यावरच चाललंय." पुढच्या डिसेंबरात तो आला तो हातात दोन पांढऱ्या डब्या घेऊनच. साबणाच्या वडीएवढ्या. एक राउटरजवळच्या प्लगात खुपसायची आणि छोट्या केबलीने राउटरला जोडायची, दुसरी माडीवरच्या प्लगात. मधलं काम घराचं वायरिंग करतं. नाव पॉवरलाइन अडॅप्टर.

गंमत अशी की भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेत, आपल्या चालीने चाललेली असते. २३० व्होल्टचा ऐवज, पण चाल संथ. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग समजा. या डब्या त्याच रस्त्यावर मेगाहर्ट्झच्या मोटारसायकली सोडतात. ट्रॅक्टरला त्यांचा पत्ता नसतो, त्यांना ट्रॅक्टरचा अडसर नसतो. पलीकडची डबी ट्रॅक्टर बाजूला काढून मोटारसायकली तेवढ्या मोजून घेते.

हे मी मोठ्या उत्साहाने अण्णांना समजावून सांगितलं. अण्णा विद्युत मंडळात होते. सबस्टेशनात ऑपरेटर. मंडळाचे तीन तुकडे व्हायच्या आदल्या वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, निवृत्त झाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "यात नवीन काय? हे पीएलसीसी आहे."

म्हणजे पॉवर लाइन कॅरियर कम्युनिकेशन. सबस्टेशनं एकमेकांशी बोलायची ती टेलिफोन खात्याच्या भरवशावर नव्हे, तर एकशे बत्तीस केव्हीच्या त्याच तारांवरून, ज्यांवरून जिल्ह्याची वीज वाहत होती. सबस्टेशनाच्या यार्डात, लाईन आत शिरते तिथे, तारांच्या वेटोळ्याचं एक जाडजूड पिंप दिसतं, ते वेव्ह ट्रॅप. वीज आत येऊ द्यायची आणि बोलणं बाहेरच अडवून फोनकडे वळवायचं, हे त्याचं काम. अण्णांनी अशा फोनवर कळव्याच्या लोड डिस्पॅचशी रात्री-अपरात्री बोलून उमेदीची वर्षं काढली होती. मी त्यांना सांगितलं की घरगुती अडॅप्टरसाठी अमेरिकेत २००० साली कंपन्या एकत्र आल्या आणि २००१ मध्ये होमप्लग नावाचं पहिलं प्रमाण निघालं. अण्णा म्हणाले, "२००१? तेव्हा मी पेन्शनचे कागद गोळा करायला लागलो होतो." आणि पेपर उघडला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझा तर अजून सुरूच व्हायचा होता. डब्या विलायतेच्या, त्यामुळे पिना चौकोनी. आत १३ अँपिअरचा स्वतःचा फ्यूजसुद्धा. आमच्या बोर्डांची भोकं गोल, आणि त्यातली निम्मी अण्णांच्या लग्नाच्या वेळची. इलेक्ट्रिकच्या दुकानातून चौकोनीचं गोल करून देणारे कन्व्हर्टर आणले. ते सैल बसत, म्हणून माडीवर एक स्पाइक गार्ड लावून त्यात डबी खोचली. डबीवरचा एक दिवा हिरवा, दुसरा लाल, तिसरा मेलेला. दोन दिवस बटणं दाबून झाल्यावर पुस्तिका वाचली (मी पुस्तिका तिसऱ्या दिवशी वाचतो). तिच्यात पहिल्याच पानावर होतं: थेट भिंतीतल्या प्लगातच लावा, स्पाइक गार्डात नको. कारण स्पाइक गार्डाचं कामच विजेत मिसळलेला बारीकसारीक गोंगाट गाळून टाकणं. त्याने माझी मीटिंग गाळून टाकली होती. त्या कंपनीत सहा वर्षं काढल्यावर आमच्या मीटिंगांचं एवढं अचूक मूल्यमापन कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

डबी थेट भिंतीत गेली आणि माडीवर नेट आलं. मी अक्षरशः ओरडलो. मग स्पीड मोजला. खोक्यावर लिहिलं होतं ६००. माझ्या टेबलावर आले नऊ.

खोक्यावरचा आकडा म्हणजे स्थळाच्या पत्रिकेतला पगार. खोटा नसतो, पण त्यात बोनस, ओव्हरटाइम आणि मामाच्या दुकानातला वाटा धरलेला असतो. दोन्ही दिशांची बेरीज, प्रयोगशाळेतली वायर, आणि वरताण म्हणजे डबीचं नेटचं भोकच मुळी शंभर मेगाबिटचं. सहाशेची विहीर, शंभरची बादली. तरीही नऊ म्हणजे फारच झालं.

अण्णांनी तानाजी वायरमनला बोलावलं. तानाजीने खिशातला टेस्टर कानामागे लावला, मीटरजवळची फळी उघडली, आतल्या वायरींकडे जुन्या ओळखीच्या माणसांकडे बघावं तसं बघितलं आणि मला म्हणाला, "दादा, खालती आर फेज हाय, माडीवर वाय. ह्यो त्याला कसा भेटंल?"

बोअरची मोटार बसवली तेव्हा अण्णांनी थ्री-फेज कनेक्शन घेतलं होतं आणि घर शिस्तीत वाटून टाकलं होतं: ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आर फेजवर; माडी वायवर; मोरी, गीझर आणि परसातले दिवे बीवर. मीटरपर्यंत तिघे एकत्र येतात, घरात शिरल्यावर वेगळे होतात, आणि त्यानंतर एका वायरीतलं बोलणं दुसऱ्या वायरीत जातं ते शेजारून कानावर पडेल तेवढंच. आमच्या वाड्याच्या पलीकडच्या निम्म्या भागात चुलतभाऊ राहतात. तिथली आणि आमची बातमी जशी भिंतीतून झिरपते, तसे माझे नऊ मेगाबिट झिरपत होते.

"मग माडी आरवर घ्या की," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गणपतीच्या मागे भोक पाडायला निघालो होतो. "लोड बॅलन्स नावाची काही गोष्ट असते. फ्रिज, मिक्सर, इस्त्री सगळं आरवर. त्यात तुझी माडी. आणि वाय काय नुसता बसून राहणार?" तानाजीने मान डोलावली. "साहेबांचं बराबर हाय," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

महिनाभर मी नऊवर काढला. आणि मग एके दिवशी दुपारी वाय फेज गेला. एक फेज जाणं आमच्याकडे नवीन नाही. त्यासाठी अण्णांनी माडीच्या लाईनला सिलेक्टर स्विच बसवलेला आहे. जो फेज जिवंत असेल त्यावर मूठ फिरवायची. अण्णांनी ती आरवर फिरवली. माडीवरचा पंखा सुरू झाला, आणि माझ्या डबीवरचा लाल दिवा क्षणभर पिवळा होऊन हिरवा झाला. मी सहज मोजलं. एकसष्ट.

गावातला एक फेज गेला की माझ्या घरी नेट सातपट धावतं, हे त्या दिवशी कळलं. पुढचे दोन महिने मी वाय फेज जावा म्हणून मनोभावे प्रार्थना करणारा सातारा शहरातला एकमेव ग्राहक होतो. तो गेला की आळीतून "गेली का हो तुमच्याकडे?" अशा हाका यायच्या आणि मी माडीवर मोठमोठ्या फायली उतरवून घेत असायचो. शेवटी एकदा फेज परत आला तरी अण्णा मूठ मागे फिरवायला विसरले. मी आठवण केली नाही. आठवडाभराने त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते स्विचसमोर उभे राहिले, वर माझ्या खोलीकडे बघितलं आणि म्हणाले, "इस्त्री लावताना सांगत जा." फेज बदलाला अण्णांनी दिलेली ही लेखी-तोंडी मंजुरी.

त्यांची दुसरी हरकत मात्र अजून कायम आहे. या डब्यांच्या मोटारसायकली ज्या पट्ट्यात धावतात, तोच रेडिओच्या शॉर्टवेव्हचा पट्टा. अण्णांच्या ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्ह लावली की आता कांदाभजी तळल्याचा आवाज येतो. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण २०२० च्या जानेवारीतच थांबलं, त्यामुळे अण्णांचं नुकसान काही झालेलं नाही. पण कांदाभजी ते रोज न चुकता ऐकतात आणि मला ऐकवतात.

एकसष्ट मिळाले तरी रोज एक चमत्कार व्हायचा. सकाळी अकराच्या सुमारास माझं चित्र गोठायचं. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरळीत. कस्टमर केअरला फोन केला. त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच. एकदा मात्र मीटिंग नव्हती, कानात काही खुपसलेलं नव्हतं, आणि नेट गेलं त्याच क्षणी खालून आवाज आला: घर्रर्र. थांबला. नेट आलं. पुन्हा घर्रर्र. नेट गेलं.

मी जिन्यावरून ओरडलो, "आई, काय करतेस?"

"ओल्या खोबऱ्याची चटणी. का रे?"

मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे ब्रश असतात. मोटार फिरली की त्यांच्याशी बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांचा कोलाहल त्याच वायरीत शिरतो. मोटारसायकलींच्या रस्त्यावर लग्नाची वरात यावी, तसं. आईचा मिक्सर आर फेजवर, माझी डबीही आर फेजवर.

आता आई मिक्सर लावायच्या आधी जिन्याखाली येऊन विचारायला लागली. "झालं का तुझं बोलून? लावू?" ही हाकही चेन्नईच्या टीमला पाठ झाली. अण्णांना ही पद्धत ढिसाळ वाटली. सबस्टेशनात लाईनवर काम करायचं तर परमिट घ्यावं लागतं: कोणती लाईन, कधीपासून कधीपर्यंत, कुणाची सही. काम झाल्यावर परमिट परत केल्याशिवाय लाईन चालू होत नाही. त्यात माणसांचे जीव असतात. त्यांनी एक जुनी शंभर पानी वही काढली, उभ्या रेघा मारल्या आणि फ्रिजवर ठेवली. तारीख, वेळ, उपकरण, कारण, सही. सकाळी मी माझ्या मीटिंगच्या वेळा लिहायच्या, आईने वाटणाच्या.

आई दोन दिवस त्या वहीकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या घरात चटणी वाटायला मी परमिट घेऊ?" आणि पाटा-वरवंटा काढून चटणी वाटली. त्या दिवशीची चटणी जेवताना कुणी काही बोललं नाही. ती फार चांगली झाली होती, हेही कुणी बोललं नाही.

वही फ्रिजवरच राहिली. मी माझ्या वेळा लिहीत राहिलो, अण्णा संध्याकाळी खाली सही करत राहिले. होळीच्या आदल्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठलो तर वही उघडी होती. आईच्या गोल अक्षरात एक ओळ होती: "उद्या सकाळी ९ ते १०.३०. उपकरण: मिक्सर. कारण: होळी. लाईन बंद राहील. परमिट माझं मीच घेतलं आहे." त्याखाली अण्णांची सही, तारखेसकट.

माझी साडेनऊला मीटिंग होती. मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं, की उद्या सकाळी ९ ते १०.३० नियोजित देखभालीसाठी आमची लाईन बंद राहील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. मॅनेजरचा अंगठा आला. चेन्नईच्या दोघांचे आले. आमच्यात एकजण कोल्हापूरचा आहे, त्याने बाजूला वेगळा मेसेज टाकला: "कटाची आमटी का?"