रेंज ओट्यापाशी

मोबाइल अभ्यास करूनच घ्यायचा, असा माझा बाणा. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून एरवी १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, हे मला पाठ होतं. ‘व्हर्च्युअल रॅम’ ही स्टोरेजकडूनच केलेली उसनवारी, हेही. दुकानातल्या पोराला मी हे सगळं सविस्तर ऐकवलं. त्यानं जांभई आवरून विचारलं, “काका, बजेट किती?” आकडा ऐकला आणि एकच खोका काउंटरवर ठेवला. अभ्यास संपला.

मग रिचार्ज. सहकारी बँकेत आयुष्य गेलेला माणूस २८ दिवसांच्या पॅकला फसत नसतो; वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. २०२२ मध्ये ‘ट्राय’नं प्रत्येक कंपनीला निदान एक तरी ३० दिवसांचा प्लॅन ठेवायला लावला. ॲपच्या तळाशी दडलेला तो प्लॅन मी हुडकून काढला. रोज २ जीबी. पण उरलेला डेटा मध्यरात्री बुडतो! आमच्याकडे शिळ्या पोळीचाही कुस्करा होतो. हे कसं सोसावं? पावणेबाराला गजर लावून मी दिसेल ते उतरवून घेऊ लागलो. भाषा कळत नाही असे सिनेमे, ड्रॅगनफ्रूटची लागवड, काहीही. थोड्याच दिवसांत फोन म्हणाला, जागा नाही.

इथवर ठीक होतं. पण समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मित्राच्या फोनवर फाइव्ह-जीच्या सगळ्या दांड्या उभ्या दिसल्या आणि माझं चित्त ढळलं. १९०० वर मेसेज, आलेला कोड, नवं सिम. नंबर तोच, कंपनी नवी.

घरात पाऊल टाकलं आणि दांड्या गेल्या.

आपल्याकडे फाइव्ह-जी बरंचसं ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. या लहरी डेटा भरपूर वाहतात, पण जाड भिंतीपुढे हात टेकतात. सांगलीतलं हे घर आजोबांनी दगडात बांधलंय, तळमजल्याचं. फोर-जीलाही आत यायला संकोच वाटतो. एवढा अभ्यास केला, तो फोनचा, भिंतीचा राहिला. परत फिरावं तर नियम असा, की एकदा पोर्ट केलं की ९० दिवस तिथंच.

“वायफाय घ्या,” मुलगी म्हणाली. रोजचे २ जीबी विकत घेतलेले असताना? छे!

शेवटी रेंज सापडली, स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओट्यापाशी. फोन आला की मी तिकडे धावतो. सौभाग्यवतीच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. “अहो, उभेच आहात तर कोथिंबीर निवडा.” मुख्य शाखेचा फोन लांबला की लसूणही सोलून होतो. तिच्या साध्या बटणाच्या फोनला माजघरातही रेंज असते, ही गोष्ट ती पाहुण्यांसमोर आवर्जून सांगते.

परवा सुट्टीच्या दिवशी ठेवींच्या आढाव्याची व्हिडिओ मीटिंग निघाली. कॅमेरा मी अर्थातच बंद ठेवला. “दुधाकडे बघा हं,” म्हणून ही बाहेर गेली. साहेब आकडे वाचत होते, मी माना डोलवत होतो आणि पातेल्याकडे पाठ होती. चर्रर्र झालं, तसा मी ओरडलो, “अरे, उतू गेलं!”

साहेब थांबले. “काय उतू गेलं?”

“आपलं या तिमाहीचं टार्गेट, सर.”