गुणवत्ता यादीत चंद्रपूर

आमच्या चंद्रपूरला कोणी मागास म्हटलं की डोकं फिरतं. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्लीच्या आयआयटीला हाताशी धरून देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांची परीक्षा घेतली. तीत 83.88 गुण घेऊन चंद्रपूर देशात चौथं आणि राज्यात पहिलं आलं. पुढे फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. मुंबईच्या उशाशी बसलेल्या डोंबिवलीलाही एवढे पडले नव्हते!

2018च्या फेरपरीक्षेत मात्र आम्ही 76.41 वर घसरलो आणि तारापूर 93.69 घेऊन देशात पहिलं गेलं. इकडे हवा सुधारल्याचा आनंद झाला. मधल्या काळात गुण द्यायची पद्धतच बदलली होती आणि सत्तरच्या वरचा तो 'अतिप्रदूषित' हा नियम तसाच होता. पण आनंदाच्या वेळी असलं कोण काढतं?

आमच्या दुर्गापूर-ऊर्जानगरातल्या बायका यादीच्या भानगडीत पडत नाहीत. उन्हाळ्यात गच्ची झाडून, धुऊन कुरड्या घालायच्या. दुपारी त्यावर काळे ठिपके. सासू विचारते, ''यात तीळ कोणी घातले गं?'' एका बाजूला खुल्या खाणी, दुसरीकडे 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र. तीळ कोणाचे, यावर संशोधनाला भरपूर वाव आहे.

धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवायचा नियम डिसेंबर 2015चा. मुदत दोन वर्षांची. मग ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै 2025 मध्ये केंद्राने देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना हा गृहपाठच माफ केला. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळची केंद्रं 'ब' तुकडीत. त्यांचं काय करायचं ते एकेकाला बोलावून ठरवणार. आमची तुकडी 'ब'. हजेरी चालू आहे.

कार्बनचा तर पेपरच नाही. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे केंद्र पूर्ण ताकदीने चाललं तर तासाला अडीच-तीन हजार टन. त्याला वास नाही, रंग नाही, कुरडईवर दिसत नाही, म्हणून गुणही नाहीत. वीज राज्यभर जाते. सत्तेचाळीस अंशांचा मे महिना तेवढा इथेच थांबतो.

आता शेजारच्या गडचिरोलीचा प्रवेश पक्का होतोय. जिल्ह्याचा सुमारे सत्तर टक्के भाग जंगल, म्हणजे अभ्यासात अगदीच कच्चा. सुरजागडचं लोहखनिज निघतंय, कोनसरीला पोलादाचा प्रकल्प आलाय, 'स्टील हब'ची घोषणा झालीय. 2025 मध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीने खनिज शुद्धीकरणासाठी नऊशेहून जास्त हेक्टर वनजमीन द्यायची शिफारस केली; त्यात लाखावर झाडं जातात. पोलाद मात्र 'ग्रीन' होणार आहे. हिरवं काहीतरी उरायला हवंच ना!

गडचिरोलीकरांनो, विरोध करा की पाठिंबा द्या, तुमची ग्रामसभा समर्थ आहे. फक्त जनसुनावणीत एक मागणी लिहून घ्या: चिमणी उभी राहायच्या आधी हवा मोजायचं यंत्र गावात लावा आणि आजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. नाहीतर दहा वर्षांनी एखादी समिती येईल आणि सांगेल, तुमच्याकडची हवा पहिल्यापासून अशीच होती.