संकोची पाहुणा

व्हिडिओ कॉलवर लेकीचा चेहरा अचानक चौकटीचौकटींचा होतो, नाक एका घरात आणि हसू शेजारच्या घरात जाऊन बसतं, तेव्हा आपण नेटच्या नावानं बोटं मोडतो. खरं तर त्या घटकेला आत कुणीतरी समंजसपणे मागे सरलेलं असतं. गूगलनं २०११ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या वेबआरटीसी या व्हिडिओ कॉलच्या तंत्राच्या पोटात गर्दीचा अंदाज घेणारी ही यंत्रणा राहते. तिला वाट दिसत नाही, वाटेतले राउटर दिसत नाहीत. माहितीची पाकिटं ज्या अंतरानं निघाली त्याच अंतरानं पोचली की रेंगाळत, एवढंच तिला कळतं. माझी आत्या पंगतीत अशीच जेवायची. आमटीवाला परतायला मघापेक्षा जरा जास्त वेळ लावू लागला की आत पातेलं खरवडलं जातंय हे ती ओळखायची आणि पानावर हात आडवा धरायची. ‘संपली’ असं यजमानांना म्हणावं लागू नये, एवढंच.

जुन्या इंटरनेटला हा संकोच नव्हता. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधल्या जेमतेम चारशे यार्डांच्या वाटेवर वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. लांबलचक चिठ्ठी घेऊन चालत गेलेला माणूस बहुधा आधी पोचला असता. मग व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या शोधनिबंधात संगणकांना आवरतं घ्यायला शिकवलं, पण पाकीट हरवल्यावर. फाइल उतरवताना ते चालतं, हरवलेलं पुन्हा मागवता येतं. बोलण्यात मात्र उशिरा आलेलं ‘हं’ न आल्याहून वाईट. त्यावरून संसारात भांडणं झालेली आहेत.

म्हणून वेबआरटीसी हरवण्याआधीच, नुसत्या रेंगाळण्यावरून सावध होते. जेवढं पलीकडे पोचतंय त्याच्या ८५ टक्क्यांवर उतरते आणि मग सेकंदाला आठेक टक्क्यांनी चाचपत वर चढते. झळ सोसतं ते चित्र; आवाजाची भूक मुळातच चिमणीएवढी.

पण फार सज्जनपणाही पचत नाही. आतल्या खोलीत कुणी सिनेमा उतरवत बसलं की त्याची पाकिटं राउटरमधली रांग भरूनच टाकतात. ही मागे सरते, तो आणखी पसरतो, आणि शेवटी ही उपाशी. हे ओळखून इटलीतल्या बारीच्या संशोधकांनी गूगलमधल्या अभियंत्यांच्या साथीनं तिची सावध होण्याची रेघच हलती केली: शेजारी दांडगा असेल तर लगेच मागे सरायचं नाही, थोडं निबर व्हायचं. आत्याला हे कुणी शिकवलं नाही. लग्नघरून जेवून आली की ती ओट्याशी उभ्यानं दहीभात कालवायची, आणि कुणी पाहिलंच तर घाईनं सांगायची, “जेवलेय गं मी पोटभर, हा उरलेला भात वाया नको जायला म्हणून!”