तुमचा डेल्टा किती येतो?

स्कूटरच्या टाकीला कान लावून पेट्रोल किती उरलंय हे ओळखणाऱ्या पिढीतला मी. आमच्या स्कूटरला पेट्रोलचा काटाच नव्हता. झाकण उघडायचं, गाडी दोन्ही बाजूंना हलवायची, आतली डुचमळ ऐकायची आणि ‘डेक्कनपर्यंत जाईल’ असा निकाल द्यायचा. निकाल चुकला तर रिझर्व्हची कळ फिरवायची, तेही संपलं तर स्कूटर आडवी करून शेवटचे चार थेंब इंजिनाकडे पाठवायचे, आणि मग ढकलायची. माहिती इतकी तुटपुंजी असूनही रात्री झोप मात्र गाढ लागायची.

आता दारात विजेची गाडी आहे आणि तिच्याबद्दल मला सगळं कळतं. झोपेचं विचारू नका.

खरं तर गाडी स्वतः फार भिडस्त असते. ती आपल्याला दोनच आकडे दाखवते, बॅटरी किती टक्के आणि अजून किती किलोमीटर जाईल. टक्क्यांचा आकडा सभ्य असतो, पण सगळं सांगत नाही. बॅटरीच्या टोकांशी कंपनी थोडी जागा राखून ठेवते, त्यामुळे पडद्यावरचं शंभर हे आतलं शंभर असेलच असं नाही. किलोमीटरचा आकडा तर अंदाजपंचे दाहोदरसे. तुम्ही आतापर्यंत कशी चालवली यावरून ती पुढचं भविष्य सांगते. पुढे घाट आहे, की मेव्हणा सामानासकट बसणार आहे, हे तिच्या पत्रिकेत नसतं. निसानची लीफ २०१० च्या डिसेंबरात बाजारात आली, तेव्हा तिच्या मालकांनी या आकड्याचं नाव ‘गेस-ओ-मीटर’ ठेवलं होतं. म्हणजे हे दुखणं आमच्या सोसायटीपुरतं नाही.

डॅशबोर्ड हा राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांसारखा वागतो. ‘काळजीचं कारण नाही’ म्हणतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. पण आपला जीव कुठे भरतो? आपल्याला हवा असतो तो भेटायला आलेला लांबचा नातेवाईक. तो स्टूल ओढून बसतो, पाच मिनिटं निरखून बघतो आणि म्हणतो, ‘डोळे जरा पिवळे वाटतात का हो?’ तिऱ्हाईताने बनवलेलं ॲप गाडीच्या बाबतीत नेमकं हेच काम करतं.

या पाहुण्याला घरात घ्यायची वाट स्टिअरिंगखाली गुडघ्याशी आहे. तिथे सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी नावाचं. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं आणि झालं ते धुरापायी. इंजिनाची प्रदूषण रोखणारी यंत्रणा बिघडली की गाडीने स्वतःहून सांगावं, असा हेतू होता. माझ्या गाडीला इंजिन नाही, सायलेन्सर नाही, धुराचा पत्ता नाही. सॉकेट मात्र आहे. सरकारी खातं बंद झालं तरी खिडकी उघडी राहावी, तसा प्रकार.

त्यात खोचायचं डोंगल काडेपेटीएवढं. बहुतेकांवर ईएलएम ३२७ असं छापलेलं असतं. ही चिप मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. पहिल्या आवृत्तीला तिने नक्कल होऊ नये म्हणून कुलूप घातलं नव्हतं, आणि जगभर नकलांचं पीक आलं. बाजारातली कितीतरी डोंगलं स्वतःला ‘आवृत्ती १.५’ म्हणवतात. मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नव्हती! कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. नकला मात्र ठणठणीत आहेत. असं एक कधीच न जन्मलेल्या आवृत्तीचं डोंगल भाच्याने माझ्या गाडीला लावून दिलं, ब्लूटूथने फोनला जोडलं आणि म्हणाला, “मामा, आता गाडी तुमच्यापासून काही लपवू शकत नाही.” पोरगं अविवाहित आहे. काही लपवलं न जाण्यात काय धोका असतो, याची त्याला कल्पना नसावी.

ॲप उघडलं आणि गाडी बडबडायला लागली. प्रत्येक सेलचं व्होल्टेज. बॅटरीचं चार ठिकाणचं तापमान. किती अँपिअर आत, किती बाहेर. जन्मापासून आजवर किती युनिटं खाल्ली. आणि या सगळ्यांत मानाचा आकडा म्हणजे डेल्टा.

डेल्टा म्हणजे सगळ्यात सशक्त सेल आणि सगळ्यात अशक्त सेल यांच्या व्होल्टेजमधला फरक. बॅटरीत सेलांची साखळी असते आणि त्यातला सगळ्यात दुबळा गडी दमला की सगळ्यांनाच थांबावं लागतं. म्हणून फरक जितका कमी तितकं बरं. तो मोजायचा मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागात. एवढ्या सूक्ष्म गोष्टीवरून माणसं मोठी झालेली मी पाहिली आहेत. आमच्या पार्किंगमध्ये पूर्वी संध्याकाळी पाण्याच्या टँकरवर चर्चा व्हायची. आता कोणीतरी सहज आल्यासारखं करून विचारतं, “तुमचा डेल्टा किती येतो?”

“सहा.”

“उभ्या गाडीचा ना? उभ्या गाडीचा सहा सगळ्यांचाच येतो. घाटात बघा.”

झालं. रात्रीच्या जेवणात माझं लक्ष नाही.

डेल्टाच्या खालोखाल मान एसओएचला, म्हणजे बॅटरीच्या तब्येतीला. नवी बॅटरी शंभर टक्के, पुढे उतरती कळा. बऱ्याच कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, म्हणजे काळजी त्यांनी करायची असते. पण आकडा दिसतोय म्हटल्यावर कोण थांबतो? एका सकाळी चहा घेताना मी गंभीर आवाजात जाहीर केलं, “तब्येत ९८.६ वर आली.”

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाली तरी तिचे कान ड्यूटीवरच असतात. वर्तमानपत्रातून मान वर न करता ती म्हणाली, “९८.६ म्हणजे नॉर्मल. शंभरच्या वर गेलं तर सांग.”

मी तिला टक्के आणि फॅरनहाइट यांतला फरक समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तू काय करणार आहेस त्याचं?”

या प्रश्नाला ॲपमध्ये उत्तर नव्हतं.

त्यातून माझ्या गाडीची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. या रसायनाचा स्वभाव असा की, साधारण वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे पोटात नेमकी किती वीज आहे, हे खुद्द गाडीलाही व्होल्टेज बघून सांगता येत नाही. किती आत आली, किती बाहेर गेली याची वही ती लिहीत बसते, आणि कोणत्याही वहीसारखी ती हळूहळू चुकत जाते. म्हणून अशी गाडी अधूनमधून पूर्ण शंभरपर्यंत भरायला सांगतात. वरच्या टोकाला व्होल्टेज झपकन चढतं आणि हिशेब जुळवून घेता येतो. एसओएच हाही असाच, गाडीच्या संगणकाने आडाख्याने काढलेला आकडा. तो कधीकधी वरही जातो. म्हणजे बघा, मी ॲपला विचारतो, ॲप गाडीला विचारतं आणि गाडी मनातल्या मनात टाकीला कान लावून डुचमळ ऐकते. अंदाजाला दशांश चिन्ह लावलं की त्याची माहिती होते, एवढाच काय तो गेल्या चाळीस वर्षांतला फरक.

ॲपचं खरं रूप दिसतं ते द्रुतगती मार्गावर. दादरला मामांकडून परत येत होतो. शेजारच्या सीटवर कन्या फोन हातात घेऊन समालोचन करत होती. सपाटीवर किलोमीटरला दीडशे वॉट-अवर असलेला खर्च खंडाळ्याच्या चढावर साडेतीनशेच्या पुढे गेला, तसा तिचा आवाजही चढला. यात भानगड काहीच नसते. माणसांसकट पावणेदोन टनांचं धूड अर्धा किलोमीटर उंच न्यायचं, तर नुसत्या उंचीपोटीच अडीच युनिटांच्या आसपास वीज लागते. बटाटेवड्याने भरलेलं पोट घेऊन पायी चढून बघा, म्हणजे पटेल. शिवाय जाताना हाच घाट उतरताना गाडीने त्यातली बरीचशी वीज परत कमावलेली असते. पण चढावर असताना उताराची आठवण कोणाला राहते? मी हळूच एसी बंद केला.

मागच्या सीटवरून सौभाग्यवतींचा आवाज आला, “एसी किती खातो?”

“तासाला युनिटभर. कधी दीड.”

“आणि घाट किती वेळाचा?”

“वीसेक मिनिटं.”

“म्हणजे अर्धा युनिट. म्हणजे तीन किलोमीटर. पुण्याला पोहोचल्यावर किती किलोमीटर शिल्लक राहतील म्हणालात?”

“ऐंशी.”

“मग सत्त्याहत्तर राहू द्यात. एसी लावा.”

बी.कॉम.ची माणसं भौतिकशास्त्रात किती क्रूर होऊ शकतात, हे त्या दिवशी मला कळलं. पण खरी पंचाईत पुढेच होती. समालोचन मागच्या सीटवरूनही करता यावं म्हणून कन्येने तेच ॲप तिच्या आईच्या फोनवर घातलं आणि माझ्या फोनवरच्या साऱ्या नोंदी तिकडे पाठवल्या. प्रत्येक प्रवासाचा नकाशा, वेळ, वेग, थांबे. मी आजवर त्यातले फक्त व्होल्ट बघत होतो. घरी पोहोचल्यावर सौभाग्यवतीने थांबे बघितले.

“तळेगावच्या अलीकडे गाडी सव्वीस मिनिटं उभी आहे. मंगळवारी. चार्जिंग शून्य.”

“बॅटरी थंड व्हायला थांबलो होतो.”

“बॅटरीचं तापमान आधी एकतीस, नंतरही एकतीस.” तिने फोन माझ्यापुढे धरला. “गाडीच्या एकेका सेलचं व्होल्टेज तुम्हाला तोंडपाठ आहे. आता तुमचा डेल्टा सांगा बघू.”

“माझा?”

“उपाशीपोटीची साखर आणि जेवल्यानंतरची साखर. फरक किती येतो?”

आईने वर्तमानपत्र खाली ठेवलं. ही घटना आमच्या घरात विरळा.

तेव्हापासून घरात दोन तक्ते लागतात. एक गाडीचा, एक माझा. गाडीचा कोणी वाचत नाही.

मध्यंतरी भाचा पुन्हा आला. डोंगल आता जुनं झालं म्हणाला. कंपनीच्या खात्याची किल्ली त्रयस्थ ॲपला देऊन टाकायची, मग गाडी जगात कुठेही असली तरी घरबसल्या दिसते. मी त्याला दोन गोष्टी ऐकवल्या. २०२२ च्या जानेवारीत जर्मनीतल्या डेव्हिड कोलंबो या १९ वर्षांच्या मुलाने जाहीर केलं की, १३ देशांतल्या २५ हून जास्त टेस्ला गाड्यांची दारं तो घरी बसून उघडू शकतो, गाणीही लावू शकतो. फट गाडीत नव्हती. मालकांनी हौसेने बसवलेल्या टेस्लामेट नावाच्या तिऱ्हाईत नोंदवहीत होती. ‘म्हणून कंपनीचंच ॲप वापरावं’ असं म्हणाल, तर २०१६ मध्ये ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञाने ऑस्ट्रेलियात बसून इंग्लंडमधल्या मित्राच्या लीफची वातानुकूलन यंत्रणा चालू करून दाखवली होती, आणि तीही कंपनीच्याच ॲपच्या वाटेने. भाचा प्रभावित झाला, पण भलत्याच कारणाने. “मामा, म्हणजे मामींना घाटात एसी लावायला तुमची परवानगी लागणारच नाही!”

डोंगल मी रोज रात्री उपसून ठेवतो, हेही सांगायला हवं. ते खोचलेलं राहिलं तर गाडीचे संगणक जागे ठेवू शकतं आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी पिऊन टाकू शकतं. विजेच्या गाडीत ती छोटी बॅटरी मेली की मोठी तुडुंब भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही, कारण मोठीचा दरवाजा उघडायची चावी छोटीकडे असते. म्हणजे गाडीला काही होऊ नये म्हणून लावलेला पहारेकरीच तिला काहीतरी करण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून रात्री पहारेकऱ्याला घरी आणायचं आणि सकाळी पुन्हा गुडघ्याशी वाकून ड्यूटीवर रुजू करायचं. कंबरेचं तापमान ॲपमध्ये दिसत नाही, नाहीतर तेही सौभाग्यवतींना कळलं असतं.

परवा सर्व्हिसिंगला गाडी नेली, तेव्हा नोंदींची छापील प्रतच घेऊन गेलो. आलेख रंगीत. काउंटरवरच्या तरुणाने तो दोन बोटांनी बाजूला सरकवला. “सर, हे तिऱ्हाईत ॲप आहे. आमच्याकडे हे ग्राह्य धरत नाहीत. आमच्या स्कॅनरवर जे येईल तेच खरं.” मी आतल्या खुर्चीवर बसून अधिकृत सत्याची वाट पाहू लागलो. स्कॅनर एकच होता आणि तो दुसऱ्या गाडीत अडकला होता. अर्ध्या तासाने तरुण माझ्याजवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “सर, ॲपचं नाव काय म्हणालात? मीही हीच गाडी घेतलीय.”

नाव दिलं. डोंगल कुठलं घ्यायचं तेही सांगितलं. रात्री अकरा वाजता त्याचा निरोप आला: “सर, डेल्टा १४ येतोय आणि तब्येत ९८.६ दाखवतंय. काळजीचं नाही ना?”

मी लिहिलं, “थांबा, आईला विचारून सांगतो.”