गाळ : निरंक

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी चाळीस मजल्यांचं काम चालू आहे. हिरव्या पत्र्यांवर 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलंय. पहिला जोरदार पाऊस झाला की त्यातला बराचसा निसर्ग पत्र्याखालून बाहेर येतो आणि बसस्टॉपपर्यंत पसरतो. तांबडा, चिकट, घोट्याइतका.

बांधकाम बेकायदा आहे असं मुळीच नाही. वीस हजार चौरस मीटरच्या वरचं काम, म्हणजे 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी आली. मंजुरी आली म्हणजे अटी आल्या, आणि अटी आल्या म्हणजे दर सहा महिन्यांनी पूर्तता अहवाल आला. तो मी वाचला. (निवृत्तीनंतर माणसं काय काय वाचतात!) अट : साइटवरचं पावसाचं पाणी गाळ खाली बसवूनच बाहेर सोडावे. पूर्तता : सिल्ट ट्रॅप बांधला आहे, छायाचित्र सोबत जोडले आहे. साठलेला गाळ : निरंक.

छायाचित्र प्रेक्षणीय आहे. तीन कप्प्यांची काँक्रीटची टाकी, कडेला काळेपिवळे पट्टे, वर 'सिल्ट ट्रॅप' अशी पाटी. आणि मधल्या कप्प्याच्या तळाशी चहाचा एक कागदी कप. आडवा नाही, उभा. त्या कपावरून माझी नजर हटेना. पुढचा अहवाल उघडला, तर त्यातही तोच कप, तसाच उभा. मधे अख्खा पावसाळा होऊन गेला होता. एक एकर जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की चार लाख लिटर पाणी होतं. अंकगणित आहे, वाद नको. त्या चार लाख लिटरांतल्या एकाही थेंबाने कपाला धक्का लावला नाही. कारण साधं आहे. प्लॉटचा उतार गेटकडे आणि टाकी मागच्या भिंतीशी, उंचावर. पाण्याने चढ चढून टाकीत जावं, आपला गाळ खाली ठेवावा आणि मग शिस्तीत उतरून गटाराला लागावं, अशी योजना होती. पाण्याने सहकार्य केलं नाही. त्यात बिल्डरचा काय दोष?

शिवाय अहवालाच्या तारखा बघा : 1 जून आणि 1 डिसेंबर. पहिलीला पाऊस यायचा असतो, दुसरीला तो केव्हाच गेलेला असतो. कॅमेऱ्याला टाकी कोरडीच दिसणार.

टाकीत गाळ नाही, म्हणजे साइटवर गाळ नाही. तीन तळघरांसाठी दहा मीटर खोल खणलं, तरी निरंक. रात्री अकरानंतर खड्ड्यातलं चहाच्या रंगाचं पाणी मोटर लावून थेट रस्त्याकडेच्या जाळीत सोडलं, तरी निरंक. काँक्रीट ओतून झालेला मिक्सर त्याच जाळीपाशी उभा करून ड्रम धुतला, सिमेंटचं पाणी आत गेलं, बसलं, आवळलं. पावसाळी गटाराला आतून प्लास्टर होतंय, तेही फुकट, आणि तरी लोक कुरकुरतात.

आता गंमत ऐका. हाच गाळ गटारातून नाल्यात पोचला की त्याला वजन येतं. पत्र्याच्या आत जो निरंक होता, तो शंभर पावलांवर मेट्रिक टनांत मोजला जातो. कारण तिथे काढणाऱ्याला टनावर पैसे मिळतात. मेमध्ये पोकलेन येतो, गाळ उपसतो आणि नाल्याच्याच काठावर वाळत घालतो, कारण ओला गाळ वाहून नेता येत नाही म्हणे. तो वाळायच्या आत पाऊस येतो आणि गाळ होता तिथे परत जातो. पुढच्या वर्षी पुन्हा टन, पुन्हा बिल. हे बिल कोण भरतं? तुम्ही आणि मी! मालमत्ताकर एक दिवस उशिरा भरून पाहा, कसे दंडासकट आठवण करून देतात. आणि ज्यांच्या दारातून ही माती डोळ्यांदेखत वाहते, त्यांना कोणी विचारायचं नाही, कारण त्यांच्याकडे फोटो आहे! एका माणसाने, फक्त एका, जुलैत छत्री घेऊन त्या गेटपाशी दहा मिनिटं उभं राहावं. एवढंही होत नाही. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत गटाराचं पाणी शिरतं, फ्रिज विटांवर चढवावे लागतात, आणि ऑनलाइन तक्रार केली की तिसऱ्या दिवशी मेसेज येतो : 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.'

असो. आमचीही सोसायटी आता रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. परवाच्या सर्वसाधारण सभेत वाढीव कार्पेटवर तीन तास भांडण झालं, पार्किंगवर एक तास. सिल्ट ट्रॅप उताराच्या बाजूला हवा, असं मी म्हणालो. अध्यक्षांनी तो मुद्दा आयत्या वेळच्या विषयांत ढकलला, आणि त्या विषयांची वेळ आली तेव्हा वडे आले होते.