नियमात न बसणारं ऊन

पारा ४३ला टेकला म्हणून छत्रपती संभाजीनगरकरांनी लगेच ‘उष्णतेची लाट’ असा गिल्ला करू नये. लाट यायला अटी असतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं, शिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. आता आमची मे महिन्यातली सरासरीच चाळिशीच्या आसपास. म्हणजे ४३ अंशांत टाळूवर पापड भाजून निघाला तरी शास्त्रानुसार तो नुसता उकाडा! ४५ गाठले तर मात्र सरासरी न विचारता लाट. त्यातही एकट्या चिकलठाणा वेधशाळेनं गळा काढून भागत नाही. मराठवाड्यातल्या किमान दोन केंद्रांनी सलग दोन दिवस हीच रड गायली, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायलाही एवढे साक्षीदार लागत नाहीत.

हवामान खात्याची टिंगल करायचा आमचा बेत नाही. ‘पाऊस म्हणाले, छत्री घरी ठेवा’ हा विनोद आता शिळा झाला. पंचांगातल्या मृगाचं वाहन गाढव आहे की बेडूक, हे आम्ही अजून आवडीनं बघतो; अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीकडेही कान असतात. पण १८७५ साली स्थापन झालेलं हे खातं आज उपग्रह घेऊन बसलंय, पुण्यात तयार झालेलं ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची आगाऊ वर्दी देतं आणि अंदाज बऱ्याचदा खरे ठरतात. पंचाईत तिथूनच सुरू होते. अंदाज चुकला तर खात्याला नावं ठेवून मोकळं होता येतं. बरोबर आला तर काहीतरी करावं लागतं.

त्यावर प्रशासनानं उपाय काढलाय, तो म्हणजे इशारा पुढे पाठवणं. मुंबई-पुण्याहून पिवळा रंग निघतो, जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला, तिथून ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर, आणि शेवटी आत्याच्या मोबाइलवर गुलाबाच्या फुलासह येऊन पडतो. वाटेत कुणाच्याही हाताला चटका बसत नाही. ‘नागरिकांनी दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये.’ ही सूचना सर्वांत निष्ठेनं कोण पाळतं, तर वातानुकूलित केबिनमधून ती काढणारे. सकाळी काम मिळेल म्हणून नाक्यावर उभा राहिलेला मजूर, डांबर टाकणारी बाई, जेवणाचे डबे घेऊन दुचाकीवर धावणारी पोरं यांच्या मुकादमाला पिवळा, नारिंगी, लाल हे रंग फक्त सिग्नलवरचे वाटतात. आणि तिथंही तो थांबत नाही.

दुसरी सूचना त्याहून हृदयस्पर्शी: ‘भरपूर पाणी प्यावे.’ ही आम्हाला! जायकवाडीसारखं धरण उशाला असून आमच्या नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, कधी दहा. ढग बीडवर कधी येतील हे उपग्रह सांगतो. आमच्या गल्लीत पाणी कधी येईल हे फक्त लाइनमनला ठाऊक असतं, आणि त्याचा फोन लागत नाही. डिसेंबर २०२०मध्ये नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं. तेव्हा ती १,६८० कोटींची होती, पुढे २,७४० कोटींवर गेली. मूळ आकड्यापेक्षा ६३ टक्के जास्त! पण लाटेचा निकष इथं लावायचं कुणाला सुचलं नाही.

वादळी पावसाचं म्हणाल तर सल्ला एकच: विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नका. मे महिन्यात जालना रोडवर थांबण्याजोगी सावली ज्याला सापडेल, त्याचा महापालिकेनं सत्कारच करावा. फक्त सत्काराचा फ्लेक्स नीट बांधावा, कारण वाऱ्यात पहिला उडतो तो भावी नगरसेवकच.

खरी गंमत पावसाळ्यात. पाऊस नव्हता तेव्हा, २०१५ला आणि पुन्हा २०१९ला, आम्ही विभागीय आयुक्तालयाच्या गच्चीवर रडार बसवून ढगांमागे विमानं पाठवली. ढगांनी दाद दिली नाही. मग न बोलावता आले ते २०२५च्या सप्टेंबरात, आणि असे आले की जायकवाडीच्या नाथसागराचे सगळे २७ दरवाजे उघडावे लागले. पैठणकरांना २००६चा ऑगस्ट आठवला. पण नुकसान झालं म्हणजे अतिवृष्टी झाली असं नव्हे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला पाहिजे. नोंदला, म्हणजे यंत्रात. यंत्र मंडळाच्या एका टोकाला, शेत दुसऱ्या टोकाला. इकडे माती बांधासकट ओढ्याला गेलेली, तिकडे यंत्रात ६१. २०२३पासून ‘सततचा पाऊस’ही आपत्ती म्हणून मान्य झालाय: सलग पाच दिवस, रोज किमान १० मिलिमीटर, शिवाय आणखी अटी. चौथ्या दिवशी उघडीप देणाऱ्या पावसाला शेतकऱ्याच्या संसाराशी काही देणंघेणं नाही, हे उघड आहे.

म्हणून आमची मागणी आहे की जूनपूर्वी ढगांसाठी तालुकावार प्रशिक्षण घ्यावं. मंडळांच्या हद्दी, पर्जन्यमापकांची ठिकाणं आणि ६५चा आकडा नकाशासह समजावून सांगावा. प्रवासभत्ता नियमानुसार मिळेल. मात्र हजेरीपत्रकावर सही करूनच बरसावं.