कॉन्व्हेंटबापू

करमाळ्यात दर गल्लीला एक तरी कॉन्व्हेंटबापू असतोच. रविवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर तुपाचा डबा, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणि इस्त्रीचा गणवेश सांभाळत जो नगरच्या गाडीची वाट बघतो, तो हाच. (पाटीवर अहिल्यानगर झालं, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतो.) पोरगं तिकडं 'फादरच्या शाळेत', पोरासोबत बायको भाड्याच्या खोलीत, आणि बापू इकडं उजनीच्या पाण्यावरचा ऊस-केळी बघत स्वतःच्या हातचा कच्चा भात गिळतोय.

इंग्रजी शाळा करमाळ्यातही आहेत, पण बापूंना त्या चालत नाहीत. "सिस्टर पाहिजेत ओ. सिस्टर असल्या की शिस्त असते." झेडपीत शिकलेल्या आबांनी गावच्या शाळेचं नाव काढलं, की बापूंचं उत्तर तयार : "महात्मा फुले कुठं शिकले? पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत!" आबा पान चघळत विचारतात, "फी किती होती रं?" इथं बापूंना अचानक फोन येतो.

फीचा विषय नाजूकच. बापूंचा डोळा आधी पंचवीस टक्क्यांच्या मोफत जागांवर होता. नेट कॅफेत अर्ज भरायला बसल्यावर कळलं, की २००९चा तो शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागूच नाही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये तसा निकाल दिलाय. बापूंनी कोर्टाला दोन शब्द ऐकवले आणि उसाचं बिल नेऊन शाळेत भरलं.

पोराकडून अपेक्षा म्हणाल, तर ९६ टक्के. कमी नाही, जास्त नाही. कमलाभवानीच्या देवळाचे खांब ९६, बारवेच्या पायऱ्याही ९६. रावरंभा निंबाळकरांनी १७२७ साली देऊळ बांधलं तेव्हा त्यांच्या डोक्यात कुणाच्या गणिताचे मार्क असतील असं वाटत नाही, पण बापूंपुढं बोलणार कोण? पोराला पडले ७१. "बाकीचे पंचवीस खांब कुठं गेले?" बापू गरजले. पोरगं म्हणालं, "सॉरी, पप्पा." माफी इंग्रजीत आल्यामुळं प्रकरण तिथंच मिटलं.

सुट्टीत पाहुणे आले की पोराला प्रार्थना म्हणून दाखवावी लागते. पोरगं डोळे मिटून एका दमात सुटतं. आजी हात जोडून ऐकते आणि 'आमेन' आलं की "उदे गं अंबे" म्हणून मोकळी होते. धर्म बुडेल अशी भीती या घरात कुणालाच नाही. इंग्रजी बुडेल, ही मात्र आहे.

पालकसभेत सिस्टर इंग्रजीत बोलतात तोवर बापू खूश असतात. कळत नाही, पण पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. एकदा सिस्टर त्यांच्याशी स्वच्छ मराठीत बोलल्या. बापू घरी येऊन चिडले, "मराठी ऐकायला भरतोय का एवढी फी?"

एका नाताळात मात्र बापूंची कॉलर ताठ झाली. येशूजन्माच्या देखाव्यासाठी शाळेनं सामान मागितलं होतं. कुणी थर्माकोल आणला, कुणी चमकी. बापू पिकअपमधून ज्वारीचा कडबा घेऊन हजर. पुठ्ठ्याची गव्हाण बघून त्यांना राहवेना. "सिस्टर, एवढ्या उंच गव्हाणीत गाय तोंड घालंल कशी?" बाह्या सरसावून त्यांनी ती खाली घेतली, पुढची कड उतरती केली, कडब्याची टोकं बाळाला टोचू नयेत म्हणून हातानं मोडून आत दाबली. फादर बघत राहिले. बापूंनी त्या दिवशी शाळेत पहिल्यांदाच पाणी मागून प्यायलं.

यंदा धाकटीचा प्रवेश आहे आणि बापू ओळख शोधतायत. तुमच्या माहितीत कुणी फादर, सिस्टर असतील तर करमाळ्यात कुणालाही सांगा, निरोप पोचेल. डोनेशन जमायचं नाही. गव्हाण मात्र फुकट बांधून मिळेल.